भिंतीवरचे प्रमाणपत्र

नागपुरात ‘मेडिकल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ऑटोवाल्याला ‘मेडिकल’ म्हटले की तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकाशी आणून सोडतो. घरातल्या पोराला ‘मेडिकलमध्ये जाऊन ये’ म्हटले की तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे पळतो. मेडिकल चौकात हे दोन्ही अर्थ समोरासमोर उभे आहेत. रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन बाहेर पडलेला गडचिरोलीचा, बालाघाटचा, छिंदवाड्याचा माणूस रस्ता ओलांडतो आणि दुकानांच्या रांगेपुढे उभा राहतो. अशा दुकानांच्या भिंतीवर, बहुधा देवाच्या तसबिरीशेजारीच, काचेच्या चौकटीतले दोन कागद टांगलेले दिसतात. एक अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, दुसरे महाराष्ट्र राज्य औषधव्यवसाय परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र. दुसऱ्या कागदावर ज्याचे नाव आहे, तो माणूस काउंटरमागे असतोच असे नाही. परदेशी गेलेल्या भारतीय फार्मासिस्टांना तिकडचा परवाना मिळवताना जो वनवास भोगावा लागतो, त्याविषयी हा लेख आहे. पण त्याची सुरुवात न्यूयॉर्क किंवा टोरांटोपासून न करता या भिंतीपासून करावी लागते.

औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण नागपूरला नवे नाही. अमरावती रोडवरच्या परिसरातला विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग देशातल्या जुन्या विभागांपैकी एक. त्यानंतर कामठी, वानाडोंगरी अशी शहराच्या चारही दिशांना खासगी महाविद्यालये उभी राहिली. जानेवारी २०२३ मध्ये इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेसचे बहात्तरावे अधिवेशन याच विद्यापीठाच्या परिसरात भरले. इथून बी.फार्म. होणारी मुले-मुली मुख्यतः औषध कंपन्यांत, गुणवत्ता तपासणीत, क्लिनिकल रिसर्चमध्ये किंवा बॅग खांद्याला लावून ‘एमआर’ म्हणून फिरतीवर जातात. काही जण परदेशी जातात, आणि त्यांच्यातही दोन वाटा फुटतात. प्रयोगशाळेच्या किंवा कंपनीच्या वाटेने एम.एस. करायला गेलेल्यांचे गाडे सहसा अडत नाही. अडते ते ‘फार्मासिस्ट’ म्हणूनच काउंटरवर उभे राहू पाहणाऱ्यांचे. एफपीजीईई, पीईबीसी, ओस्पॅप, कॅप्स ही आद्याक्षरे त्यांच्या बोलण्यात अशी येतात, जशी यूपीएससीवाल्यांच्या बोलण्यात प्रिलिम आणि मेन्स. चार-चार, पाच-पाच वर्षे या परीक्षांत जातात. तोवर कुणी त्याच दुकानात सहायक म्हणून गोळ्या मोजतो, कुणी गोदामात रात्रपाळी करतो.

या सगळ्याकडे पाहण्याची आपली रूढ तऱ्हा अशी, की गोऱ्या देशांना आपली पदवी मान्य नाही. त्यांनी आपापल्या लोकांच्या नोकऱ्या राखायला भिंत बांधली आहे. या तक्रारीत तथ्य आहे, पण ते आपण दाखवतो त्या जागी नाही. हे देश परवाना देताना मुख्यतः एकच गोष्ट तपासू पाहतात: हा माणूस काउंटरवर, समोरच्या रुग्णाशी बोलत, औषधाची जबाबदारी घेऊ शकतो का? जिथे ते खरोखर हेच तपासतात तिथे त्यांची परीक्षा कितीही कठीण असली तरी रास्त आहे. जिथे हे न तपासता ते नुसती वर्षे मोजतात तिथे ती अन्यायाची आहे. आणि काउंटरची ही कसोटी आपल्या माणसाला जड जाते याचे मोठे कारण असे, की आपण त्याला इथे काउंटरवर उभेच केलेले नाही.

अन्यायाच्या भागापासून सुरुवात करू. अमेरिकेत परदेशी पदवीधराने आधी तिथल्या राज्य मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेकडून, म्हणजे एनएबीपीकडून, प्रमाणित होऊन घ्यायचे असते. त्यात पदवीची छाननी, एफपीजीईई ही परीक्षा आणि इंग्रजीची चाचणी येते. ते झाले की ज्या राज्यात काम करायचे तिथले उमेदवारीचे तास, मग नॅप्लेक्स ही परवाना परीक्षा, मग बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी परीक्षा. पण पहिल्याच पायरीवर एक अट आहे: १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्याचा मूळ व्यावसायिक अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे. भारतातली बी.फार्म. चार वर्षांची. तिच्यावर दोन वर्षांची एम.फार्म. केली तरी बेरीज सहा होत नाही, कारण तिथे मोजतात ती पहिली व्यावसायिक पदवी. म्हणजे २००२ च्या डिसेंबरात पदवी घेतलेल्याला परीक्षेला बसता येते, आणि त्याच वर्गखोल्यांत, त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली शिकून पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडलेल्याला येत नाही. मधल्या सहा महिन्यांत दोघांच्या ज्ञानात काय फरक पडला, याला उत्तर नाही. अट आली ती अमेरिकेतल्या बदलामुळे. तिथल्या अधिस्वीकृती संस्थेने २००० पासून फार्म.डी. हीच प्रवेशाची पदवी ठरवली आणि जुन्या बॅचलर पदव्या बंद होत गेल्या. स्वतःच्या मुलांकडून जास्त वर्षे मागायची तर बाहेरच्यांकडूनही मागायला हवीत, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण परीक्षा हातात असताना तिला बसूच न देणे, हे थर्मामीटर खिशात ठेवून कपाळाला हात लावून ताप सांगण्यासारखे झाले.

भारताने यावर २००८ मध्ये एक उत्तर काढले. भारतीय औषधव्यवसाय परिषदेने, म्हणजे पीसीआयने, सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू केला: पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम. अमेरिकेची वर्षांची अट त्याने पुरी होते. पण या पदवीधरांसाठी सरकारी रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदे ठिकठिकाणी निर्माण झाली आहेत, असे काही घडलेले नाही. दार बाहेरच्या बाजूने उघडेल अशी पदवी आपण तयार केली आणि आतल्या बाजूला कडी तशीच राहू दिली.

आता परीक्षेतच काय असते ते पाहू. एफपीजीईईचे चार भाग आहेत: मूलभूत जैववैद्यकीय शास्त्रे, औषधनिर्माणशास्त्रे, सामाजिक-वर्तनविषयक-प्रशासकीय शास्त्रे आणि रुग्णोपचाराशी संबंधित शास्त्रे. आपल्या मुलांची हातखंडा रसायनशास्त्राची आणि फार्मास्युटिक्सची बाजू दुसऱ्या भागात येते; निम्म्याहून अधिक भार शेवटच्या दोन भागांवर असतो. पुढे तर भाषाच बदलते. इथे जे पॅरासिटामॉल ते अमेरिकेत ॲसिटअमिनोफेन, साल्ब्युटामॉल ते अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड ते ग्लायब्युराइड, रिफॅम्पिसिन ते रिफॅम्पिन. रक्तातली साखर अमेरिकेत आपल्यासारखीच मिलिग्रॅममध्ये सांगतात, पण कॅनडात आणि ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये; आपल्या १८० च्या जागी तिथे १० म्हणतात. नागपूरच्या फार्मासिस्टला निमेसुलाइडची खडान्‌खडा माहिती असते. २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्यास बंदी आहे हेही त्याला पाठ असते. अमेरिकेत, कॅनडात, ब्रिटनमध्ये ते औषध बाजारातच नाही. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकाच गोळीत कोंबलेली शेकडो मिश्रणे त्याने रोज हाताळलेली असतात. त्यातली ३४४ केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये एका फटक्यात बंद केली. हे सारे ज्ञान खोटे नव्हे, पण ते या मातीतले आहे. औषधाचे रसायन सगळीकडे सारखे. औषध देण्याचा व्यवहार मात्र कायदा, विमा, नावे, डॉक्टरशी असलेले नाते आणि रुग्णाची भाषा यांनी घडतो, आणि यातले काहीही विमानाने सोबत नेता येत नाही. स्थानिक परीक्षा घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

बोलण्याचा मुद्दा वेगळा काढण्यासारखा आहे. एनएबीपीने अनेक वर्षे टोफेलच्या वाचन, श्रवण, संभाषण, लेखन या चार भागांपैकी सर्वांत वरची पट्टी संभाषणाला लावली: ३० पैकी २६. इंग्रजी माध्यमातून शिकलेले, वाचन-लेखनात सहज पार होणारे कितीतरी जण याच एका आकड्यावर अडकले. आकडा थोडा खाली असता तर बिघडले नसते, असे म्हणता येईल. पण वरची पट्टी बोलण्याला का, हे उघड आहे. नागपूरचा चांगला काउंटरवाला मराठी, हिंदी, वऱ्हाडी यांची सरमिसळ करून, समोरच्याचा चेहरा पाहून, ‘जेवण झाल्यावर घ्यायची हो बाबाजी, उपाशीपोटी नाही’ हे पटवून देतो. ते कौशल्य टोफेलमध्ये कुणी मोजत नाही, ही हळहळ आहेच. प्रश्न इतकाच, की हे वाक्य बोलणारा माणूस बी.फार्म. झालेला असतो का? बहुतेक वेळा तो दहावी-बारावी करून दुकानात लागलेला, अनुभवाने तयार झालेला नोकर असतो.

कॅनडाची पद्धत या कसोटीला जास्त उतरते. फार्मासिस्टांची परीक्षा घेणारी तिथली संस्था, पीईबीसी, आपली चार वर्षांची पदवी छाननीस घेते. पाच वर्षे भरत नाहीत म्हणून बी.फार्म.वाल्याला दारातून परत पाठवत नाही. शेवटी जी पात्रता परीक्षा होते तिचा एक भाग बहुपर्यायी प्रश्नांचा, आणि दुसरा प्रत्यक्ष कामगिरीचा. या दुसऱ्या भागात उमेदवार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. प्रत्येक ठिकाणी रुग्णाची किंवा डॉक्टरची भूमिका करणारा प्रशिक्षित माणूस बसलेला असतो, साधारण सात मिनिटे मिळतात, आणि परीक्षक पाहत असतो. चिठ्ठीतला धोका हेरायचा, नेमके प्रश्न विचारायचे, चिडलेल्या माणसाला शांत करायचे, डॉक्टरला फोन करून मात्रा चुकल्याचे न कचरता सांगायचे. या शेवटच्या गोष्टीवर आपली माणसे विशेष अडखळतात. टोरांटो विद्यापीठाचे झुबिन ऑस्टिन यांनी परदेशी शिकलेल्या फार्मासिस्टांवर बरीच वर्षे संशोधन केले. त्यांच्या लेखनात ज्ञानाच्या कमतरतेइतकाच व्यवसायाच्या संस्कृतीतल्या फरकाचा विचार आहे. ज्या व्यवस्थेत डॉक्टरच्या अक्षरावर प्रश्न करणे हा उद्धटपणा मानतात, तिथून आलेल्याला प्रश्न करणे हेच कर्तव्य असलेल्या व्यवस्थेत एका रात्रीत बसता येत नाही. याच जाणिवेतून त्या विद्यापीठात २००१ च्या सुमारास परदेशी पदवीधरांसाठी पुलासारखा अभ्यासक्रम उभा राहिला.

ब्रिटनमध्ये तर परीक्षेआधी पुन्हा विद्यार्थीच व्हावे लागते. आधी ओस्पॅप हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, मग ५२ आठवड्यांचे देखरेखीखालचे काम, मग नोंदणीची परीक्षा. तिला तीनच संधी. ऑस्ट्रेलियात कॅप्स या जुन्या परीक्षेच्या जागी २०२५ मध्ये ओप्रा ही नवी परीक्षा आली. तिच्यानंतर पंधराशेहून अधिक तासांची उमेदवारी. आखातातल्या परीक्षा तुलनेने सोप्या, म्हणून पहिला मुक्काम पुष्कळदा दुबई. तपशील देशागणिक वेगळे असले तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी: तास. अमेरिकेतला फार्म.डी.चा विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत १,७४० तास प्रत्यक्ष व्यवसायाच्या ठिकाणी घालवतो. आपल्या बी.फार्म.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर असे १५० तास आहेत.

एकशे पन्नास. चार आठवडे. आणि त्यातही दुकानात किंवा रुग्णालयातच जावे असे बंधन नाही. ‘फार्मसी प्रॅक्टिस’ हा विषय अभ्यासक्रमात येतो तो सातव्या सत्रात. त्याआधी सेंद्रिय रसायनशास्त्राचे तीन आणि औषधी रसायनशास्त्राचे तीन पेपर होऊन गेलेले असतात. याउलट दोन वर्षांच्या डी.फार्म.ला १९९१ च्या शिक्षण नियमांनी ५०० तासांचे प्रशिक्षण घातले, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधे देण्यात जावेत असे म्हटले. ही मोठी गमतीची गोष्ट आहे. आपल्याकडे काउंटरचा जास्त सराव कागदोपत्री का होईना ज्याला आहे, त्याला अमेरिका-कॅनडा फार्मासिस्ट म्हणून विचारतही नाहीत. आणि ज्याला निदान कॅनडात विचारतात, त्या बी.फार्म.ला सराव सर्वांत कमी. मग तो तिकडे जाऊन ‘मी चार वर्षे फार्मसी शिकलो’ म्हणतो. ते खोटे नसते, पण त्या चार वर्षांत तो मुख्यतः गोळी बनवायला शिकला, द्यायला नाही.

हे असे झाले त्याला इतिहास आहे. कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये भेसळीचा आणि अर्धशिक्षित कंपाउंडरांचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्याच काळात, १९३२ मध्ये, महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचे उच्च शिक्षण सुरू केले. परदेशी औषधांवर अवलंबून असलेल्या देशाला कारखाने हवे होते, रसायनतज्ज्ञ हवे होते. पदवीचा कल तिकडे झुकला आणि त्याचे फळही मिळाले. आज जगभरच्या दुकानांत भारतीय गोळ्या आहेत. पण काउंटरची बाजू १९४८ च्या फार्मसी कायद्याने लिहून ठेवली तेवढीच राहिली. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध देऊ नये, हे कलम ४२. ते मोडल्यास मूळ कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिठ्ठीवरची औषधे फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावीत, हे औषध नियमावलीचा नियम ६५ सांगतो. रुग्णाला समजावून सांगणे हे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत आले. मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ यादीतल्या ४६ औषधांची वेगळी वही ठेवणे सक्तीचे झाले. कायद्याला इथे कमी म्हणता येणार नाही. कमी आहे ती माणसाची. प्रमाणपत्र दरमहा भाड्याने देऊन फार्मासिस्ट दुसरीकडे नोकरी करतो, ही गोष्ट या धंद्यात कुणाला चकित करत नाही. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२-१३ च्या सुमारास, फार्मासिस्ट हजर नसलेल्या आणि बिल न देणाऱ्या दुकानांवर कारवाईचा धडाका लागला. तेव्हा विक्रेत्यांच्या संघटना संपावर उतरल्या. दुकानात फार्मासिस्ट असावा ही मागणी छळ वाटावी, इतका त्याचा अभाव आपल्या अंगवळणी पडला होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि नागपुरात तो अधिक धारदार होतो. इथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रात लुपिन या औषध कंपनीचा कारखाना आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक तिथे तपासणीला येतात, आणि तिथून गोळ्या अमेरिकी बाजारात जातात. मग ती गोळी बनवणाऱ्या, तपासणाऱ्या बी.फार्म. मुलीला तीच गोळी अमेरिकेतल्या काउंटरवरून देता येऊ नये, हा दुटप्पीपणा नव्हे काय? पहिल्या ऐकण्यात बिनतोड वाटतो. पण गोळीला प्रवेश मिळाला तो ती कुठल्या देशात जन्मली यावरून नव्हे, आणि कारखाना किती वर्षांचा जुना आहे यावरूनही नव्हे. तिची विद्राव्यता, तिचा रक्तातला प्रभाव, तिच्या प्रत्येक बॅचची नोंद आणि कारखान्यातली शिस्त यांची तपासणी झाली. म्हणजे गोळीला जे तत्त्व लागू झाले तेच माणसाला लागू करा, एवढाच या आक्षेपाचा खरा निष्कर्ष निघतो: तपासा, पण वर्षे मोजून हाकलू नका. पाच वर्षांच्या अटीविरुद्ध हा आक्षेप जबरदस्त आहे. सात मिनिटांच्या खोल्यांविरुद्ध तो लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप संरक्षणवादाचा. तिकडच्या संघटना आपल्या सभासदांचे पगार राखायला परीक्षा कडक ठेवतात, असे म्हणतात. हेतू शोधायला गेले तर प्रत्येक व्यवसायात असे हेतू सापडतील. पण आपला कायदा काय म्हणतो? फार्मसी कायद्याच्या कलम १४ नुसार पीसीआय परदेशी पदवीला मान्यता देऊ शकते. मात्र अशी पदवी घेतलेला माणूस भारतीय नागरिक नसेल, तर त्याला इथे पात्र मानायचे ते संबंधित देशात भारतीय वंशाच्या लोकांना हा व्यवसाय करू देत असतील तरच. म्हणजे रुग्णाच्या सुरक्षिततेखेरीज आणखी एक हिशेब आपणही मांडतोच. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या आपल्याच मुलांना २००२ पासून एफएमजीई ही चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती ढिली करा अशी मागणी झाली की ‘रुग्णांच्या जिवाशी खेळ’ म्हणून विरोध करणाऱ्यांत आपण सगळे असतो. इतकेच कशाला, छिंदवाड्याचा नोंदणीकृत फार्मासिस्ट सव्वाशे किलोमीटरवर नागपुरात येऊन काम करू लागला, तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्याचे नाव महाराष्ट्राच्या नोंदवहीत असायला हवे. कधीकाळी नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते त्याच प्रांतातला हा जिल्हा. औषधाचा परवाना जगात सगळीकडेच स्थानिक असतो.

तरीही या आक्षेपातला एक भाग उरतो, आणि तो कॅनडासारख्या देशांना उद्देशून आहे. कुशल माणसे हवीत म्हणून केंद्र सरकार शिक्षणाचे गुण देऊन स्थलांतरितांना बोलावते, आणि परवाना मात्र प्रांताच्या हातात असतो. बोलावणारा एक, दार उघडणारा दुसरा. मधली वर्षे, शिकवणीची फी, उमेदवारीसाठी देखरेख करायला तयार असलेला दुकानदार शोधण्याची वणवण हे सगळे एकट्या उमेदवाराच्या माथी. परीक्षा ठेवणे रास्त, पण परीक्षेपर्यंत नेणारा पूल खासगी शिकवण्यांच्या भरवशावर सोडणे रास्त नाही. ओंटारिओने २००६ मध्ये व्यावसायिक नोंदणीच्या प्रक्रिया पारदर्शक आणि न्याय्य असाव्यात यासाठी कायदा केला, त्यावर देखरेखीला आयुक्त नेमला. टोरांटोच्या पूल-अभ्यासक्रमाचा अनुभवही असा, की नीट तयारी करून घेतली तर परदेशी पदवीधर मोठ्या प्रमाणात पार होतात. त्यांच्यात कसर असते ती सरावाची, बुद्धीची नव्हे.

पूल बांधण्याची उदारता आपल्याकडेही एकदा दिसली होती, आणि ती फारशी कुणाला आठवत नाही. फार्मसी कायद्यात कलम ‘३२ ब’ आहे. १९७६ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेले, तसेच ब्रह्मदेश, श्रीलंका, युगांडा अशा देशांतल्या अशांततेमुळे १४ एप्रिल १९५७ नंतर परत यावे लागलेले भारतीय वंशाचे लोक यांच्यासाठी ते केले गेले. रंगूनमध्ये किंवा कंपालात औषधे बनवत-देत आलेल्या माणसाकडे इथे मान्य असलेली पदविका कुठून असणार? कायद्याने त्याच्या कामाचीही गणना केली. तिकडे ठरावीक वर्षे औषधव्यवसाय हेच उपजीविकेचे मुख्य साधन असेल तर नोंदणीची वाट मोकळी. ही सवलत सरसकट नव्हती, आपत्तीतल्या माणसांपुरती होती. पण तिच्यातला विचार महत्त्वाचा आहे. तू कुठे शिकलास याच्या जोडीला तू काय करत होतास हेही विचारता येते, आणि त्या उत्तरावर नोंदणी देता येते, हे आपल्या संसदेने मान्य केले होते. आज एनएबीपीच्या वर्षांच्या अटीवर बोट ठेवताना आपल्या बाजूने याहून चांगला दाखला नाही. अडचण एवढीच, की तो प्रश्न आजच्या बी.फार्म.ला विचारला तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते.

तिसरा आक्षेप घरातला आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. परदेशी जाणाऱ्या मूठभरांसाठी आपण आपला अभ्यासक्रम का वाकवावा? इथल्या करदात्याच्या पैशाने टोरांटोचा फार्मासिस्ट का घडवावा? घडवू नये. पण काउंटरवर शिकलेल्या फार्मासिस्टची गरज टोरांटोच्या आधी मेडिकल चौकाला आहे. क्षयरोगाची औषधे मध्येच सोडणारा, प्रतिजैविकाच्या पाच दिवसांच्या कोर्समधल्या दोनच दिवसांच्या गोळ्या पैशाअभावी नेणारा, कात्रीने कापलेल्या पट्टीवरची मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून गेली म्हणून जुनीच गोळी खाणारा रुग्ण तिथे रोज उभा असतो. त्याच्याशी दोन मिनिटे बोलणारा शिकलेला माणूस हवा, ही ऐषारामाची मागणी नाही. आणि माणसे कमी आहेत असेही नाही. महाविद्यालये इतकी बेसुमार वाढली, की पीसीआयने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची स्थगिती आणायचे ठरवले. कार्यकारी ठरावाने अशी बंदी घालता येत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती रद्द ठरवली. जागा भरपूर, पदवीधर भरपूर, आणि काउंटरमागची खुर्ची रिकामी. पगार कमी म्हणून पदवीधर तिथे बसत नाही, आणि प्रमाणपत्र स्वस्तात भाड्याने मिळते म्हणून दुकानदार पगार वाढवत नाही. या चक्राला कुठेतरी हात घालायचा तर तो भाड्यालाच घालावा लागेल. तपासणी सातत्याने झाली तर हजर फार्मासिस्टची किंमत बाजार आपोआप ठरवील.

काही हालचाल झाली आहे. डी.फार्म. झालेल्यांना नोंदणीआधी निर्गम परीक्षा सक्तीची करणारे नियम २०२२ मध्ये आले, आणि पहिली परीक्षा २०२४ मध्ये झाली. ती संगणकावरची, बहुपर्यायी. त्या परीक्षेत उमेदवाराला तोंड उघडावे लागत नाही. बी.फार्म.ला तर तीही नाही. परदेशी संस्थांशी परस्पर मान्यतेच्या वाटाघाटी करताना आपल्यापाशी सर्वांत भक्कम कागद कोणता असेल, तर प्रत्येक पदवीधराने रुग्णालयाच्या औषध खिडकीशी किंवा दुकानाच्या काउंटरवर घालवलेल्या, कुणी सही करून तपासलेल्या तासांचा. असा कागद आज आपण देऊ शकत नाही. कामठीच्या विद्यार्थ्याला मेयो रुग्णालयाच्या किंवा मेडिकलच्या औषध खिडकीमागे एक सत्र उभे करायला नवी इमारत लागत नाही, परदेशी तज्ज्ञही लागत नाहीत. लागते ती नियमातली एक दुरुस्ती. सध्याच्या नियमात त्या दीडशे तासांच्या तरतुदीचे शीर्षक ‘औद्योगिक प्रशिक्षण’ असे आहे, आणि पुढे कंसात ‘इष्ट’ असा शब्द आहे. हे प्रशिक्षण कुठे घेता येईल याची यादी खाली दिली आहे. ती उत्पादन विभागापासून सुरू होते, मग गुणवत्ता नियंत्रण, प्रयोगशाळा, संशोधन, रुग्णालय असे करत जाते. औषधाचे दुकान त्या यादीत सर्वांत शेवटी येते, ‘इत्यादी’च्या जरा आधी.